तिला दम का लागतो?

हृदयविकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठराविक माणूस उभा राहतो. पन्नाशीचा, पोट सुटलेला, खिशात सिगारेटचं पाकीट, डोक्याला कामाचा ताण. वर्तमानपत्रातल्या आरोग्याच्या पानावर चित्रही त्याचंच असतं. पाटण तालुक्यात मी गेली कित्येक वर्षं बायकांच्या बैठका घेत फिरते आहे, तिथं मला भेटलेला हृदयविकार मात्र असा दिसत नाही. तो विशी-पंचविशीतल्या किडकिडीत पोरीसारखा दिसतो. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढताना ती मध्येच थांबते, झाडाला हात टेकते. सासू खालून ओरडते, "आगं, आत्तापास्नंच दमलीस व्हय?" रात्री आडवं झालं की तिला श्वास पुरत नाही, म्हणून भिंतीला टेकून ती बसल्या बसल्या झोपते. पहिल्या नाहीतर दुसऱ्या खेपेला, सातव्या-आठव्या महिन्यात, तिला घाईघाईनं कऱ्हाडला हलवावं लागतं. तिथं कुणीतरी पहिल्यांदाच तिच्या छातीला नळी लावून नीट ऐकतं आणि सांगतं, की हिच्या हृदयाची झडप लहानपणापासूनच खराब आहे.

लहानपणापासून, पण जन्मापासून नव्हे. हा फरक मैत्रिणींनी नीट ध्यानात घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं राजकारण त्यात आहे. हा आजार बहुतेकींना देवानं दिलेला नसतो. साध्या घसादुखीतून तो येतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांमध्ये घसा धरण्याचं एक कारण म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जंतू. घसा चार दिवसांत आपोआप बरा होतो, आई मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावते, विषय संपतो. पण काही मुलांच्या बाबतीत दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि सांधे सुजतात. आज गुडघा, परवा घोटा, मग मनगट, असं दुखणं अंगात फिरतं. शरीरानं जंतूंशी लढायला तयार केलेली शस्त्रं स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर चालतात. सांधे काही न करताही पूर्ण बरे होतात, म्हणून सगळे ते दुखणं विसरतात. हृदयाच्या झडपेवर मात्र व्रण राहतो. घसा पुन्हा धरला, ताप पुन्हा आला, की व्रणावर व्रण. झडपेच्या पाकळ्या हळूहळू जाड होतात, एकमेकींना चिकटतात. दार पूर्ण उघडत नाही, नाहीतर पूर्ण मिटत नाही. रक्त मागं फुफ्फुसात तुंबतं आणि बाईला दम लागतो. याला संधिवाताचा हृदयरोग म्हणतात, पण म्हातारपणच्या संधिवाताशी त्याचा काहीही संबंध नाही. या नावानंही बराच घोटाळा केला आहे.

आता ही जोखीम कुणाला जास्त? वैद्यकाच्या पुस्तकात यादी असते: दारिद्र्य, दाटीवाटीची घरं, कुपोषण, उपचारांची दूर असलेली सोय. आणि त्याच यादीत, त्याच ओळीत, 'स्त्री असणे'.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या दोन शब्दांकडं बघत राहिले. दाटीवाटीची घरं बदलता येतात, दारिद्र्याशी लढता येतं. स्त्री असण्याचं काय करायचं? हा मुद्दा मी पुढं घेते, आधी दाटीवाटीचं बोलू, कारण ते आमच्या तालुक्याला फार लागू आहे.

घसादुखीचा जंतू खोकल्या-शिंकण्यातून पसरतो. एका खोलीत जितकी माणसं जास्त, तितका तो सोपेपणानं फिरतो. युरोप-अमेरिकेत एकेकाळी हा आजार घरोघर होता. तिथं तो ओसरू लागला तो पेनिसिलिन येण्याच्याही आधी, घरं मोठी झाली, मुलं वेगवेगळी झोपू लागली, खायला बरं मिळू लागलं तेव्हा. मग औषधानं उरलेलं काम केलं. आमच्याकडं कोयनेच्या खोऱ्यात वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पावसाळ्याचे चार महिने दारं-खिडक्या बंद, चुलीचा धूर, एकाच माजघरात म्हातारी-पोरं सगळी, पलीकडं गुरं. १९६७ च्या ११ डिसेंबरच्या भूकंपानंतर लोक शेडमध्ये राहिले. धरणानं उठवलेल्यांनी तर कितीतरी वर्षं असंच आज इथं, उद्या तिथं काढलं. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या, तेव्हा वाचलेली कुटुंबं शाळांच्या खोल्यांत दाटीनं राहिली. पुनर्वसन म्हणजे घराचा आणि जमिनीचा प्रश्न असं आपण म्हणतो. तो पोरांच्या हृदयाचाही प्रश्न आहे, हे आजवर एकाही निवेदनात लिहिलेलं मी पाहिलं नाही.

आणि मुंबई. पाटण-जावळीच्या डोंगरातले पुरुष गिरण्यांत आणि माथाडी कामाला गेले. लालबाग-परळला एकेका गावाची खोली असायची, पाळीपाळीनं झोपायचं. जी कुटुंबं तिथं राहिली त्यांची पोरंही दहा बाय बाराच्या खोलीतच वाढली. आजही तालुक्यात बाई जास्त आजारी झाली की कऱ्हाडनंतर नाव निघतं ते केईएमचं, कारण परळला कुणीतरी पाहुणा असतो. त्याच केईएममध्ये १९५० च्या दशकात डॉ. प्रफुल्ल कुमार सेन आणि त्यांचे सहकारी चिकटलेली झडप हृदयात बोट घालून मोकळी करण्याची शस्त्रक्रिया करत होते. म्हणजे ज्ञान गिरणगावात येऊन सत्तर वर्षं झाली. गिरणी कामगाराच्या गावाकडच्या बायकोपर्यंत यायला त्याला एस.टी. मिळाली नाही.

ऊसतोडणीच्या टोळ्या कारखान्यांच्या हंगामात आमच्याकडं येतात. कोपीत पाच-सहा माणसं. त्यातल्या पोराला जर दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यायचं असेल, तर ते बीडला लावलेलं कार्ड मरळीत कोण बघणार? हा प्रश्न मी इथंच सोडते, त्यावर त्या मैत्रिणींनीच लिहायला हवं.

तर, स्त्री असणे. सांध्यांचा ताप मुलांना आणि मुलींना साधारण सारखाच येतो. पण पुढं झडप बिघडलेल्यांमध्ये बायका जास्त निघतात, आणि वय वाढेल तशी ही दरी रुंदावते. आफ्रिकेतले १२ देश, येमेन आणि भारत मिळून १४ देशांतल्या रुग्णालयांमधल्या ३३४३ रुग्णांचा एक मोठा अभ्यास काही वर्षांपूर्वी झाला. त्यात दोन-तृतीयांश बायका होत्या, आणि सगळ्या रुग्णांचं मधलं वय होतं २८. अठ्ठावीस! म्हणजे कडेवर पोर, डोक्यावर ओझं असण्याचं वय. काही शास्त्रज्ञ म्हणतात, यात स्त्रीच्या शरीराच्या प्रतिकारशक्तीचा आणि संप्रेरकांचा भाग असावा. असेलही, मी ते नाकारत नाही. पण त्याच लेखांमधून हेही सांगितलेलं असतं, की लहान मुलं सांभाळण्याचं काम बाईकडं असल्यानं तिच्या घशाला जंतू पुन्हा पुन्हा भेटतो, आणि उपचारांपर्यंत ती कमी पोचते. मग याला 'स्त्री असणे' का म्हणायचं? 'स्त्रीला असं वागवणे' म्हणा. यादीतला शब्द बदलला की उपायही बदलतो. स्त्री असण्यावर गोळी नाही. पण शाळा सोडून धाकट्या भावंडांना दिवसभर काखेत घेऊन बसलेल्या नऊ वर्षांच्या पोरीसाठी अंगणवाडी आणि पाळणाघर हा उपाय आहे.

मुलगा तापला की त्याला तारळ्याला, मल्हारपेठेला डॉक्टरकडं नेलं जातं. मुलीला काढा. हे मी आकसानं बोलते असं कुणाला वाटेल, म्हणून एक आकडा देते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. तो झडपेच्या या आजाराचा नव्हे, जन्मजात हृदयदोषाचा. शस्त्रक्रियेचा सल्ला दिलेल्या मुलग्यांपैकी ७० टक्क्यांची शस्त्रक्रिया वर्षभरात झाली. मुलींपैकी ४४ टक्क्यांची. दोष तोच, रुग्णालय तेच, डॉक्टर तेच. आई-बापांच्या मनात काय होतं? खर्च तर होताच. शिवाय छातीवर व्रण राहिला तर लग्न कसं जमणार, ही धास्ती होती.

या आजाराचं एक रूप मुलींमध्ये जास्त दिसतं आणि त्याची वाईट कथा आहे. घसा बरा होऊन काही महिने उलटल्यावर पोरीचे हात-पाय आपोआप झटके देऊ लागतात. हातातला तांब्या पडतो, अक्षर बिघडतं, तोंड वेडंवाकडं होतं, उगीच रडू येतं. झोपली की सगळं थांबतं. ताप नसतो, सांधा सुजलेला नसतो, म्हणून कुणाला हा आजार वाटतच नाही. शाळेत मास्तर मारतात, घरी आई म्हणते भांडी फोडते, मग कुणीतरी म्हणतं बाहेरचं आहे. देवऋष्याकडं नेलं जातं, उतारा होतो, आणि काही महिन्यांत ते झटके आपोआप थांबतात, कारण तो आजार तसाच थांबणारा आहे. देवऋष्याची मात्र ख्याती वाढते. आत झडपेवर काय झालं ते कुणी बघत नाही. अंधश्रद्धेविरुद्ध आपण शिबिरं घेतो, तेव्हा अंगात येणाऱ्या बाईबद्दल खूप बोलतो. हात झटकणाऱ्या दहा वर्षांच्या पोरीचं हृदय नळीनं तपासून घ्या, हेही तिथंच सांगितलं पाहिजे.

आता औषधाकडं येते. झडप बिघडत जाणं थांबवणारं औषध अगदी जुनं आणि स्वस्त आहे. लांब पल्ल्याचं पेनिसिलिन, ज्याला सगळे पेनिड्युर म्हणतात, त्याचं १२ लाख युनिटचं इंजेक्शन दर एकवीस दिवसांनी कमरेत घ्यायचं. लहान मुलांना निम्मं. घसा पुन्हा धरू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. झडपेला इजा झालेली नसेल तर निदान पाच वर्षं आणि वयाची अठरा-एकवीस होईपर्यंत, झडप खराब असेल तर चाळिशीपर्यंत किंवा त्याहूनही पुढं. किती वर्षं ते डॉक्टरांनी ठरवायचं. युगांडातल्या मुलांवर झालेला आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. झडपेत नुकता कुठं बिघाड सुरू झालेल्या, स्वतःला काहीही त्रास न जाणवणाऱ्या मुलांना ही इंजेक्शनं दिली. दोन वर्षांनी इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी शंभरात एकाचाही बिघाड धड वाढला नव्हता, न घेणाऱ्यांपैकी शंभरात आठ जणांचा वाढला होता. इतकं साधं काम आहे.

मग ते होत का नाही? एक तर सुई दुखते, फार दुखते, दोन दिवस बसता येत नाही. दुसरं म्हणजे पेनिसिलिनची रिअॅक्शन येईल या भीतीनं कितीतरी डॉक्टर ते द्यायलाच तयार नसतात. गंभीर रिअॅक्शन क्वचित येते, आणि ती हाताळायची औषधं जवळ ठेवून ते देता येतं. तरी एका आरोग्य केंद्रातून दुसऱ्याकडं आणि तिथून खाजगीत असं फिरवलेल्या मुली आमच्या ओळखीच्या आहेत. आणि तिसरं, ते मिळत नाही. २०१४ ते २०१६ च्या सुमाराला जगातल्या अनेक देशांत या इंजेक्शनचा तुटवडा होता, कारण त्यात कंपन्यांना नफा नाही. याचं मला फार वाईट वाटतं ते आणखी एका कारणानं. आपल्या शेजारी, पिंपरीला, १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला तो पेनिसिलिन बनवण्यासाठीच. स्वातंत्र्यानंतरच्या त्या पिढीला औषध ही सरकारची जबाबदारी वाटत होती. पुढं तो कारखाना आजारी पडला आणि पेनिसिलिनचा कच्चा माल वर्षानुवर्षं चीनहून येत राहिला. जागतिकीकरणाचा बाईच्या आरोग्यावर काय परिणाम होतो, यावर आपण परिसंवाद घेतले, मीही घेतले. त्याचं उत्तर एकवीस दिवसांच्या या कुपीत सापडतं.

पण सगळ्यात जास्त इंजेक्शनं बंद पडतात ती लग्नात.

यावर आमच्यात मतभेद आहेत, आणि ते उघडपणे मांडलेले बरे. मुलीला हा आजार आहे हे लग्न ठरवताना सांगायचं की नाही? आमच्यातल्या काही जुन्या कार्यकर्त्या म्हणतात, सांगू नका. सांगितलं तर स्थळ मोडेल, आणि गावभर झालं तर धाकटीचंही मोडेल. त्यांचं म्हणणं अनुभवातून आलेलं आहे, मी ते हसण्यावारी नेत नाही. पण लपवलं की काय होतं ते मी पाहिलं आहे. मुलगी सासरी गेल्यावर दर एकवीस दिवसांनी इंजेक्शनला जाणार कशी? कारण काय सांगणार? पहिले दोन महिने माहेरी येण्याचा बहाणा चालतो, मग सणाला, मग बंद. पुढं दिवस जातात. म्हणजे ज्या वर्षी तिच्या हृदयावर सर्वांत मोठा भार येणार, त्याच्या आधीच तिचं संरक्षण काढून घेतलेलं असतं. एका मुलीनं मला सांगितलं, "ताई, कार्ड मी पेटीत साडीच्या घडीत ठेवलं हुतं. पेटी नणंदंनं उघडली." तिला त्याच आठवड्यात माहेरी पोचवलं गेलं.

म्हणून माझं मत सांगण्याच्या बाजूचं आहे. कायद्याच्या दृष्टीनंही. हिंदू विवाह कायद्यात हृदयरोग हे घटस्फोटाचं कारण नाही. पण महत्त्वाची गोष्ट लपवून फसवणूक केली, असा दावा करून लग्नच रद्द करून मागता येतं. तो दावा फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. आधी सांगितलेलं असलं, तेही चारचौघांच्या बैठकीत, तर तो दरवाजा बंद होतो. मात्र याच्या पुढं जाऊन कुणी म्हणतं, की लग्नाआधी हृदयतपासणीचं प्रमाणपत्र सक्तीचं करा, तर त्याला माझा ठाम विरोध आहे. ते प्रमाणपत्र फक्त मुलींचं मागितलं जाईल. रंग, उंची, शिक्षण, हुंडा, आणि आता एकोचा रिपोर्ट. सातारा-सांगलीच्या चळवळीनं १९८० नंतर परित्यक्तांचा प्रश्न हातात घेतला. स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनं टाकलेल्या बाईला घर, जमीन, रेशनकार्ड मिळावं म्हणून गावागावांत काम केलं. टाकलेल्या बायकांमध्ये आजारी म्हणून टाकलेल्या किती, ही मोजदाद आता तरी व्हायला हवी. कारण अशा बाईला पोटगीबरोबर औषधही लागतं.

बाळंतपणाचं थोडं खोलात सांगते. गरोदरपणात अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं. चांगलं हृदय ते सोसतं. अरुंद झडपेतून एवढं रक्त जाऊ शकत नाही, ते फुफ्फुसात तुंबतं. म्हणून वर्षानुवर्षं कुणाला न कळलेला आजार सातव्या-आठव्या महिन्यात एकदम उघडा पडतो. प्रसूतीच्या वेळी आणि बाळ झाल्यानंतरचे एक-दोन दिवस तर फारच धोक्याचे. त्यात रक्त कमी असलं की हृदयाला आणखी पळावं लागतं, आणि महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना पंडुरोग आहे. इथंच घोळ होतो. दम लागतो? रक्त कमी असेल. पायाला सूज? गरोदरपणात येतेच. खोकला? थंडी लागली असेल. प्रत्येक उत्तर खरं वाटतं, म्हणून कुणी नळी लावत नाही. मैत्रिणींनो, आडवं झोपता येत नसेल, रात्री घुसमटून जाग येत असेल, खोकल्यातून गुलाबी फेस किंवा रक्त येत असेल, तर ते नुसतं रक्त कमी असण्याचं लक्षण नाही. लोहाच्या गोळ्या देऊन तिला घरी पाठवू देऊ नका. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून गरोदर बाईची मोफत तपासणी होते. त्या दिवशी पोट तपासतात, वजन-रक्तदाब घेतात. छाती ऐका, हे आपण आग्रहानं म्हणायचं. पोटात काय आहे ते बघायला सगळे उत्सुक असतात, त्याच्या वर एक वीत अंतरावर काय चाललंय ते कुणी विचारत नाही. बाई म्हणजे गर्भाशय, या सरकारी दृष्टीवर आपण इतकी वर्षं टीका केली, ती टीका अशी शब्दशः खरी ठरते.

ज्यांची झडप अरुंद आहे त्यांना आता छाती उघडावी लागतेच असं नाही. जपानच्या कांजी इनोउए यांनी १९८० च्या दशकात मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप मोकळी करण्याची पद्धत काढली, आणि ती गरज पडली तर गरोदरपणातही करता येते. झडप बदलावीच लागली तर आपल्या देशात बनलेली झडप आहे. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूनं ती तयार केली, ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली, आणि परदेशी झडपेपेक्षा ती पुष्कळ स्वस्त पडते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अशा शस्त्रक्रिया होतात. हे सगळं चांगलं आहे. पण धातूची झडप बसली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि रक्त किती पातळ आहे ते दर महिन्याला तपासावं लागतं. गोळी कमी पडली तर झडपेवर गाठ, जास्त झाली तर रक्तस्राव. शस्त्रक्रियेचा खर्च योजनेतून निघतो, नंतरच्या तीस वर्षांच्या कऱ्हाडच्या खेपा घरातून. बायकांना २०२३ पासून एस.टी.चं अर्धं तिकीट आहे, त्याचा एवढा उपयोग झाला खरा. बुडालेली मजुरी अर्धी होत नाही.

या गोळीबद्दल बायकांना जे सांगायला हवं ते कुणी सांगत नाही, म्हणून इथं लिहिते. पाळीत खूप जास्त जाऊ लागतं. लाजून गप्प राहू नका, डॉक्टरांना सांगा, पण गोळी मनानं बंद करू नका. पालेभाजी खायची, पण रोज साधारण सारखीच. आठ दिवस नाही आणि नवव्या दिवशी भरपूर, असं नको. आणि पाळी चुकली की लगेच, त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. या गटातली वॉर्फरिनसारखी औषधं सहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाला इजा करू शकतात, आणि पर्याय डॉक्टरच्या देखरेखीखालीच करता येतो. मूल हवं असेल तर आधी विचारून, ठरवून.

नको असेल तर? वर सांगितलेल्या १४ देशांच्या अभ्यासात मूल होण्याच्या वयाच्या शंभर बायकांपैकी चार जणीसुद्धा गर्भनिरोधन वापरत नव्हत्या. ज्यांना गरोदरपण जीवघेणं ठरू शकतं, त्यांची ही गत. पाळणा लांबवायच्या नेहमीच्या गोळ्यांनी रक्ताच्या गाठीचा धोका वाढतो, त्यामुळं झडपेच्या कितीतरी रुग्णांना त्या चालत नाहीत. तांबीनं पाळी आणखी वाढू शकते. मग दवाखान्यात सांगतात, हिचं ऑपरेशन करून टाका. हृदय अधू असलेल्या बाईच्या पोटावर शस्त्रक्रिया, आणि शेजारी धडधाकट नवरा बसलेला! पुरुषाची नसबंदी दहा-पंधरा मिनिटांची, टाक्याशिवायची. पण महाराष्ट्रात निम्म्याच्या आसपास जोडप्यांमध्ये बाईचं ऑपरेशन झालेलं असतं, आणि पुरुषाचं शंभरात एकाचंही नाही. आमच्या एका बैठकीत हा विषय निघाला तेव्हा मागून एक म्हातारी म्हणाली, "त्येला भ्या वाटतं म्हून हिचा जीव टांगनीला." याहून नेमकं मला लिहिता येणार नाही.

शहरातल्या मैत्रिणींना वाटेल, हे डोंगरातल्या गरीब बायकांचं. झडपा बिघडण्याची कारणं त्यांच्याकडंही आहेत. वाढत्या वयात झडपेवर चुना साचतो, त्याला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू हातभार लावतात. स्तनांच्या कर्करोगासाठी छातीवर किरणोपचार झाले असतील तर पुढं कित्येक वर्षांनी झडपेवर परिणाम दिसू शकतो. तेव्हा अशा मैत्रिणींनी दम लागण्याकडं दुर्लक्ष करू नये. आणि बारीक होण्याची औषधं! अमेरिकेत फेनफ्लुरामिन हे वजन घटवायचं औषध १९९७ मध्ये बाजारातून काढावं लागलं, कारण त्यानं झडपा खराब होत होत्या. घेणाऱ्यांत बहुसंख्य बायका. फ्रान्समध्ये त्याच कुळातलं मेडियातोर नावाचं औषध त्यानंतरही कितीतरी वर्षं विकलं जात होतं. ब्रेस्ट गावच्या इरेन फ्राशों या डॉक्टर बाईनं रुग्णांची एकेक फाइल काढून कंपनीशी झुंज दिली, तेव्हा २००९ मध्ये ते बंद झालं आणि २०२१ मध्ये कंपनी दोषी ठरली. बाईनं सडपातळ असावं या हट्टाचीही किंमत हृदयाच्या झडपेनंच मोजली.

पुन्हा आमच्याकडं. जागतिक आरोग्य सभेनं २०१८ मध्ये या आजाराविरुद्ध ठराव केला. आपल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघरला झाली, आणि शाळेत तपासायच्या आजारांच्या यादीत हा हृदयरोग लिहिलेला आहे. कागदावर म्हणजे कमी काही नाही. तपासणीची गाडी शाळेत येते त्या दिवशी ज्या मुली शेतावर किंवा घरी धाकट्याला घेऊन असतात, त्या यादीतून सुटतात, आणि शाळा सोडलेल्या तर यादीत नसतातच. आम्ही सध्या तीन मागण्या धरल्या आहेत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पेनिड्युर आणि रिअॅक्शनची औषधं कायम असावीत. इंजेक्शन घेणाऱ्यांचं रजिस्टर असावं, आणि मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावाला गेली की तिचं नाव त्या गावच्या आशाताईकडं गुपचूप पोचावं. आणि गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत डॉक्टरनं छातीला नळी लावल्याची नोंद कार्डावर असावी. आमच्यातल्या काहींना वाटतं, या फार छोट्या मागण्या आहेत, यासाठी मोर्चा कोण काढणार. हिंसाचाराचे, जमिनीचे, पाण्याचे प्रश्न आधीच डोक्यावर आहेत. पण इंजेक्शनचं कार्ड साडीच्या घडीत लपवायला लागणं ही हिंसाच आहे, असं मला वाटतं, आणि या वादात मी माघार घेणार नाही.

ज्या गटांना शक्य आहे त्यांनी आपल्या भागातल्या आरोग्य केंद्रात जाऊन एवढं विचारून आम्हाला कळवावं: पेनिड्युर आज कपाटात आहे का, शेवटचं कधी दिलं, आणि कुणाला दिलं ते लिहिलेलं आहे का. 'नाही' असं उत्तर मिळालं तर तेही तारखेसह लिहून पाठवा. पावसाळ्याआधी सगळी पत्रं हाती आली, तर साताऱ्याला जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना भेटायला एकत्रच जाता येईल.